डावीकडे एक बोट

‘डावा पाय घ्यायचा, टेकाडाखाली एक बोट, तिथून डावीकडे एक बोट, आणि विचार करायचा नाही’ – झालं, एवढंच आहे, सर, एका दमात म्हणायचं. या खोलीत पाऊल टाकलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, पाढ्यासारखं. मी पण म्हटलंय, घसा बसेपर्यंत म्हटलंय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत मला कुठली हौस – बसा ना, उभे का तुम्ही? तो नको, तो स्टूल लंगडा आहे, हा घ्या. साहेबांनी मला सकाळी एवढंच सांगितलं – साहेब म्हणजे आमच्या रुग्णालयाचे मुख्य, तुम्हाला ज्यांनी बोलावलंय तेच – की बाहेरून एक तज्ज्ञ येतायत, वयस्कर आहेत, दुपारी चौकशी समितीपुढे ते त्या मुलीच्या पायाबद्दल मत देणार आहेत, त्याआधी त्यांना सरावाची खोली दाखव, आणि ‘जास्त बोलू नकोस’. हे शेवटचं दोनदा म्हणाले. म्हणजे मी जास्त बोलते असं त्यांचं मत आहे. बोलतेच मी, पण आज नाही. आज ठरवूनच आलेय – पायाबद्दल विचारलं तर पायाबद्दल सांगायचं, बाकी तोंडाला कुलूप. समितीपुढे मलाही उभं राहायचंय, तुमच्या पाठोपाठ. ते तुम्हाला माहीत असेलच. नाही? ही मान हलवलीत ती हो म्हणून की नाही म्हणून? बरं, राहू दे.

तर हा तो पाय. घ्या ना हातात – चावत नाही, प्लॅस्टिकचा आहे. लहान मुलाचा, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, डावा, फळीवर स्क्रूने पक्का बसवलेला. उजवा? उजवा नाहीच आमच्याकडे. कधी आणलाच नाही कुणी. एकच पाय, आणि त्याच्यावर सगळं खातं शिकून मोठं झालं. आत खोटं हाड, वर रबराची कातडी, आणि कातडीला इथे बघा – भोक. इतक्या जणांनी इतक्या वर्षांत एकाच जागी सुई घातलीय की आता जागा शोधावी लागतच नाही, गाय संध्याकाळी आपण होऊन गोठ्यात जावी तशी सुई जाते. इथे लोक हाड शिकत नाहीत, सर, भोक शिकतात. हसलात ना आत्ता? हसलात, मिशीत हसलात. मी काही विनोद केला नाही.

आता तुम्ही म्हणालात, ‘अगदी पहिल्यापासून सांग’. तज्ज्ञ माणूस पहिल्यापासून सांग म्हणाला की माझ्या मनात पाल चुकचुकते – हा ऐकायला आलाय की मी काय बोलते ते गोळा करायला आलाय? असो. सांगते. रक्त खूप गेलं की शिरा मिटून जातात, नळ बंद केल्यावर बागेतला पाइप चपटा पडतो तशा. सुई घालायची तर कशात घालणार? हाडाच्या आतल्या शिरा मात्र मिटत नाहीत, कारण त्यांच्या भोवतीची भिंतच हाडाची – ती कशी मिटेल? आणि हाड काही भरीव काठी नसतं, आत मगज असतो, रक्ताने भिजलेला. तिथे सोडलेलं पाणी, औषध, सगळं बघता बघता हृदयापाशी. म्हणून जाड सुई, आणि थेट हाडात. ऐकायला राक्षसी वाटतं, पण जीव वाचतो. प्रश्न एकच – कुठे? गुडघ्याच्या वाटीवरून बोट खाली घसरवत आणा, एक उंचवटा लागतो, त्याला इथे टेकाड म्हणतात. लहान मुलांचं हाड त्या टेकाडापाशी अजून वाढत असतं, तिथे वाढीची पट्टी असते, कोवळी, तिला सुईचा धक्का लागला तर पाय आखूड राहायची भीती – म्हणून बोटभर खाली सरकायचं. अगदी तान्ह्या बाळाला तर टेकाड लागतच नाही, तिथे वाटीपासूनच अंदाज घ्यायचा. आणि मग आतल्या अंगाला बोटभर. का? कारण तिथे नडगीचं हाड सपाट असतं आणि कातडीच्या लगेच खाली, मध्ये मांस नाही. आतल्या अंगाला, सर. म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूला. ‘आत’ हा एक शब्द लक्षात ठेवा, कारण नियमात तो नाहीये.

मोठ्या माणसाचं आणि वेगळं. तुमच्याच नडगीवर बोट ठेवून बघा – नाही ठेवायचं? बरं. मोठ्या माणसाची वाढ कधीच संपलेली, निदान हाडाची तरी, त्यामुळे खाली सरकायचं कारणच उरत नाही, उलट खाली गेलात तर भिंत जाड, सुई अडते, घसरते. तिथे टेकाडाच्याच उंचीला, आतल्या अंगाला दोन बोटं, जिथे हाड रुंद असतं आणि आतून स्पंजासारखं. नाहीतर सरळ खांदा – हात पोटावर ठेवायचा, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा पुढे येतो आणि हाताला लागतो. पोराचं माप थोराला नाही, थोराचं पोराला नाही, कपडे शिवताना जे कळतं ते – थांबा. थांबा एक मिनिट. तुम्ही आत्ता दिवा लावलात. ते बटण कपाटाच्या मागे आहे, सर. नवीन माणूस इथे आला की भिंती चाचपत फिरतो, मग कुणीतरी ओरडून सांगतं, ‘कपाटामागे!’ तुमचा हात सरळ गेला. बघितलंसुद्धा नाहीत तुम्ही. तुम्ही या खोलीत आधी आला होतात ना? हां. ‘फार वर्षं झाली.’ मग साहेब ‘बाहेरचे’ का म्हणाले? आणि तुम्ही तरी सांगायचं ना! – मी विचारलं नाही म्हणून? वा. आमच्या घरी पण हेच. विचारलं तर ‘उलट बोलते’, आणि नाही विचारलं तर ‘तू विचारलंस कुठे?’

विचारलं होतं मी. पहिल्याच वर्षी, तुम्ही बसलात ना, तिथेच उभी राहून विचारलं होतं – ‘आणि डावा पाय मोडलेला असला तर?’ काय चुकलं या प्रश्नात? मोडलेल्या हाडात सुई घालून उपयोग नाही, सोडलेलं सगळं भेगेतून बाहेर मांसात जाणार, फुटक्या भांड्यात पाणी ओतल्यासारखं. म्हणजे उजवा पाय घ्यावा लागणार. आणि उजव्या पायाला डावीकडे बोट नेलं की झालाच घोटाळा. रोग्याच्या पायथ्याशी उभं राहून बघा ना – त्याच्या डाव्या पायाची आतली बाजू आपल्या डाव्या हाताला येते, उजव्या पायाची उजव्या हाताला. बालवाडीतल्या पोराला कळेल. मला उत्तर काय मिळालं? ‘नियमाला फाटे फोडू नकोस. तू जन्मायच्या आधीपासून हा नियम आहे.’ अख्खा वर्ग हसला. मावशीसुद्धा हस– मॅडमसुद्धा हसल्या.

हो. मावशी. निसटलं तोंडातून. आमच्या विभागप्रमुख माझ्या सख्ख्या मावशी आहेत, आईच्या पाठची बहीण. इथे कामावर मॅडम, घरी मावशी, असा आमचा करार आहे, आणि मी तो सहसा मोडत नाही. पण तुम्हाला नवल नाही वाटलं. भुवईसुद्धा हलली नाही तुमची. हे पण माहीत होतं म्हणजे. अजून काय काय माहीत आहे तुम्हाला माझ्याबद्दल? कुणी सांगितलं? जाऊ दे. आणि एक सांगू का, नियम मूर्खपणाचा नाहीये, मी तसं म्हणत नाही. धावपळीत माणसाचं डोकं बधिर होतं, हात तेवढे चालतात, म्हणून हाताला शिकवून ठेवायचं – पटतं मला. ‘विचार करत बसलीस तर पोर हातचं जाईल’ म्हणायची मावशी, आणि खरंच आहे ते. पण हाताला अर्धवट शिकवलं तर? हाताला कुठे कळतं ते अर्धवट आहे म्हणून? तो तितक्याच ऐटीत चुकतो. त्यातून आमच्याकडे ही वेळ येते क्वचित. बहुतेकदा शीर मिळते. आणि आजवर जेव्हा केव्हा आली, तेव्हा डावाच पाय घेतला, कारण नियमच तसा. मग कोण कशाला चुकतंय? तेल न घातलेलं कुलूपसुद्धा कुणी उघडायला जात नाही तोवर चांगलंच असतं.

ती मुलगी सहा वर्षांची. रस्ता ओलांडताना गाडीखाली आली. डावी नडगी मोडलेली, पोटात रक्तस्राव, ओठ पांढरे, हाका मारल्या तरी ओ नाही. दोन्ही हातांना आम्ही शिरा शोधतोय, एक मिळेना. तेवढ्यात मावशी आली. तुम्ही तिला काम करताना बघितलंय का? बघितलं असेलच. ती आली की खोलीतला आवाजच बदलतो, रडणारी माणसं रडायची थांबतात. ‘सुई’ म्हणाली, मी दिली. उजवा पाय घेतला – बरोबरच घेतला, डावा मोडलेला होता. टेकाड शोधलं. बोटभर खाली. आणि मग डावीकडे. इतकं सफाईने, सर! डोळे भरून बघत राहावं असा हात आहे तिचा. मी म्हटलं, ‘मॅडम, आतली बाजू ही –’ ती म्हणाली, ‘बाजूला हो.’ बास. सुई गेली. आता हाडात बसलेली सुई कशी असते, हात सोडला तरी खुंटीसारखी उभी. ही उभी राहिली नाही. ही कलली. मावशीने तिला धरून सरळ केलं आणि चिकटपट्टी लावली. सुईला चिकटपट्टीचा आधार द्यावा लागला तेव्हाच समजायचं ना? पण समजून घ्यायला थांबावं लागतं, आणि थांबायचं नाही असं तर आम्ही पाठ केलेलं! पाणी सोडलं. ते हाडात गेलंच नाही, बाहेरच्या अंगाच्या मांसात गेलं – जे मांस आपलं पाऊल वर उचलतं, तेच. त्याच्याभोवती घट्ट वेष्टण असतं, ते ताणत नाही. बघता बघता पाय टणक झाला, लाकडासारखा. मी हात लावून बघितला आणि दुसरी सुई घेतली. त्या नडगीवर आता भरवसा नव्हता, म्हणून मांडीच्या हाडात, वाटीच्या वर बोटभर, जरा आतल्या अंगाला. ती उभी राहिली. कुणाला न विचारता घातली मी. मावशी तेव्हा माझ्या हाताकडे बघत होती. मुलगी वाचली. पण नंतर पाय चिरून ते वेष्टण मोकळं करावं लागलं, आणि पाऊल अजून उचलत नाही. चालते, पण पाऊल लोंबतं, बोटं फरशीला घासतात – खर्र, खर्र. कॉरिडॉरमध्ये ती आली की न बघता कळतं.

आणि आता चौकशी! चौकशीत साहेबांनी काय शोधून काढलंय – तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हाला त्यासाठीच तर बोलावलंय. ‘मुलीच्या हाडाची ठेवण जगावेगळी होती.’ म्हणजे बोट बरोबर, सुई बरोबर, नियम तर काय, दगडावरची रेघ – फक्त हाड चुकलं. नाचता येईना अंगण वाकडं. एक्स-रे बघितलात का त्या उजव्या पायाचा? मी बघितलाय. पुस्तकात छापावा इतका साधा, सरळ, रोजचा पाय आहे. ठेवण जगावेगळी कुणाची आहे ते मी सांगू शकते, पण ते हाड नाही. ‘कुणाचं नुकसान होतंय यात?’ असं साहेब मला म्हणाले. ‘मुलगी जिवंत आहे, उपचार फुकट चाललेत, मॅडमची निवृत्ती तोंडावर आलीय. हाडाला काय अब्रू असते?’ हाडाला नसते, सर. पण ते त्यांनी मुलीच्या आईला आधीच सांगून टाकलंय, समिती बसायच्याही आधी. आणि तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला एक धाकटा मुलगा आहे, नुकता धरून धरून उभा राहायला लागलाय. आता ती त्याला जमिनीवर ठेवत नाही. दिवसभर कडेवर. मी गेले की त्याच्या नडग्या माझ्यापुढे धरते – ‘बघा ना हो डॉक्टर, याचं पण तसंच असेल का? चालायला लागला आणि मोडलं म्हणजे?’ परवा म्हणाली, सासूबाई म्हणतात हे तुझ्याच माहेराकडून आलं असणार, आमच्यात कुणाची हाडं अशी नाहीत. आणि ती बाई बसून आठवतेय – माझ्या वडिलांचे पाय बारीक होते, आत्या लंगडायची, तिथून आलं असेल का? नसलेलं दुखणं शोधत ती आपलं अख्खं माहेर उकरतेय, सर, आणि सासूच्या तोंडाला तर नवं काम मिळालंय. आणि हाड चांगलं आहे! हे कोण सांगणार तिला? तुमचं मत एकदा कागदावर आलं की पोराच्या केसपेपरवर पण चढणार, ‘कुटुंबात हाडाचा दोष’. उद्या त्यालाच काही झालं, आणि एखादा डॉक्टर सुई घेऊन त्या चांगल्या पायापुढे घुटमळला तर?

मी बोलणार नव्हते हे. बघा, बोलायला लावलंत तुम्ही, आणि स्वतः तोंडातून अक्षर नाही. हीच युक्ती का? मावशी पण असंच करते – गप्प बसते, मग समोरचा आपणच बडबडत सुटतो. परवा मात्र उलटं झालं. घरी, जेवायच्या टेबलापाशी, काका भाजी निवडत बसले होते, आणि ती बोलत होती – ‘तुझाही हात होता त्या पायावर. तू फक्त एवढंच म्हण, की चाचपताना हाड वेगळं लागलं. खोटं असं नाही, लागतं कधी कधी वेगळं.’ मी म्हटलं, ‘आणि पुढच्या पोराचा डावा पाय मोडला असला म्हणजे?’ म्हणाली, ‘तेव्हा मी नसेन तिथे.’ काका भाजी निवडत राहिले. निवडून झालेलीच परत निवडत होते. मग ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला, आणि खूप वेळ सोडलेलाच. मला काय कळत नाही? आई गेल्यावर मी पण तसाच नळ सोडून रडायचे, आणि हीच बाहेर उभी राहून म्हणायची, ‘पाणी वाया नको घालवू, बाहेर ये, माझ्यापाशी रड.’ मी नाही गेले परवा दारापाशी. मैत्रिणीकडे निघून गेले, अजून तिथेच आहे. मावशीला ठाऊक आहे, सर. माझी सुई उभी राहिली ना, तेव्हापासून तिला सगळं ठाऊक आहे. नियम तोडायला ती घाबरत नाही – ती घाबरते कबूल करायला की आपण इतकी वर्षं शेकडो पोरांना हे शिकवलं, आणि ती पोरं आता कुठल्या कुठल्या गावांत, कुठल्या कुठल्या पायांपाशी – अरे देवा. हे मी का सांगतेय तुम्हाला? तिच्याविरुद्ध वापराल. की माझ्याविरुद्ध? आणि तो फोन पालथा का ठेवलाय तुम्ही? मघाशी खिशात होता. उलटा करा बघू. करा ना. बरं – बंद आहे. बंदच दिसतोय. माफ करा. नाही, माफ बिफ नका करू, मला अजून खात्री नाहीये.

एक करता का? मला दाखवा. कशावर म्हणजे – त्या प्लॅस्टिकवर नको, तिथे भोकच दाखवेल. माझ्या पायावर. हा मी स्टुलावर पाय ठेवते, उजवा, पँटवरूनच, तुम्ही समोर बसा, आहात तसेच. सुई नको, नुसतं बोट. तुम्ही दुपारी जगाला सांगणार ना हाड कसं असतं, मग मला जागा दाखवायला काय हरकत आहे? हं. आणि सांगा बरं मला, तुम्ही किती वर्षं शिकवलंत? सगळी हयात? मग तुमचे विद्यार्थी खूप असतील. येतात का भेटायला? दिवाणखान्यात बसून जुन्या गोष्टी काढतात का? मावशी सांगते तिच्या गुरूंच्या गोष्टी. म्हणते, माझे गुरू डोळे मिटून सुई घालायचे आणि कधी चुकायचे नाहीत, त्यांचा हात म्हणजे – थांबा. उचलू नका बोट. आहे तिथे ठेवा. आता बघा, कुठे आहे ते.

डावीकडे.

दाबा जरा. काय लागतंय? मऊ लागतंय ना? हाड नाही ते, सर, मांस आहे. मी आता पाऊल वर उचलते – हललं ना बोटाखाली? हेच. तिचं हेच हलत नाही. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत, मला उत्तर देत होतात, आणि बोट आपलं आपण गेलं, जसं दिव्याच्या बटणाकडे गेलं तसं. तुम्ही नुसते इथे आला नव्हतात. तुम्ही इथे शिकवत होतात. मावशीला हा नियम – बोला ना, हो म्हणा. हो. तुम्हीच. मला वाटलं होतं तुम्ही साहेबांचे कुणी दोस्त असाल, दोन शब्द बोलून चहा पिऊन जाणारे, आणि तुम्ही तर – म्हणून बोलावलं तुम्हाला! तुम्ही कसे म्हणाल नियम चुकला? स्वतःच्या तोंडाने? हाड वेगळं होतं हेच तुम्हाला खरं वाटणार, मनापासून खरं वाटणार, शपथेवर सांगाल. साहेब हुशार आहेत. खोटं बोलणारा माणूस नाही शोधला त्यांनी, ज्याला खरं परवडणार नाही असा शोधला. पाणी देऊ? नाही, माझ्यावर रागवा हवं तर, पण बोट काढू नका इतक्यात, कुणीतरी येतंय आणि मला वाटतं त्यांनी हे बघावं.

या साहेब. ये, मावशी. नाही, काही लपवत नाही, हे सर मला जागा दाखवत होते. दाखवली त्यांनी. तूही बघ ना – कुणाचा पाय आहे हा? उजवा. आणि बोट कुठे आहे? मावशी, त्यांच्या चेहऱ्याकडे नको बघूस, बोटाकडे बघ. ते काढतील आता, त्याआधी बघ. हां. बघितलंस.

समिती बसलीय? बसू दे. साहेब, मला खुणा नका करू, मी सगळ्यांसमोर बोलते. मी ‘हाड वेगळं लागलं’ असं म्हणणार नाही. नाही. अर्धवटही नाही, ‘थोडंसं वेगळं वाटलं असेल’ असंही नाही. हाड चांगलं होतं, पोरीचं हाड अगदी चांगलं होतं, बोट बाहेरच्या अंगाला गेलं आणि ते नियमामुळे गेलं, आणि हा नियम इथून शिकून गेलेल्या प्रत्येकाला आजच्या आज कळवायचं की तो पुसा. हे मी समितीला सांगेन, पण त्याच्याही आधी त्या बाईला सांगणार आहे, ती खाली बाकावर बसलीय, पोराला कडेवरून न उतरवता. मला नोकरीवरून काढायचं तर काढा. मावशी, घरात घेऊ नकोस मला, चालेल. तू मला वाढवलंस, मला माहितीये काय काय सोडून वाढवलंस, रोज ऐकवायची गरज नाही, आणि तू कधी ऐकवलंही नाहीस, तेच तर – पण त्याची परतफेड मी दुसऱ्याच्या पोरीच्या पायाने नाही करणार. तू ये माझ्याबरोबर खाली. तू सांग तिला. तू सांगितलंस तर तिच्या सासूचं तोंड एका दिवसात बंद होईल, मी सांगितलं तर महिना लागेल. येतेस?

खिडकीकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ. रागव तरी. सर, तुम्ही? साहेब? तुम्ही तरी येता खाली?

ठीक आहे. साहेब, दारातून सरका. ती बाई वाट बघतेय. सरका म्हटलं ना.